आबांना दिसलेली मेंढरं

दुपारच्या शांततेत स्वयंपाकघरात पेल्यावरचं झाकण खण्णकन पडलं.

लेकीला, प्रांजलीला थोपटता थोपटता डोळा लागलेली तनुजा दचकून उठली. सासऱ्यांचा पलंग रिकामा. दार सताड उघडं. जिन्याच्या खालच्या वळणावर कारभारीआबा पडले होते.

"मेंढरं खाली गेली गं," ते कण्हले. "आडव त्यांला."

मेंढरं विकून, शहरात उस्मानपुऱ्यात राहायला येऊन नऊ वर्षं झाली होती.

खुब्याचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात डॉक्टरांनी तनुजाला बाजूला घेतलं.

"भास, अंग वेडंवाकडं हलणं, बीपी उतरलेलं. कंपवाताची गोळी जास्त झाली की असं होतं. कुणी दोनदा दिली का?"

"मीच देते. पाकिटात बरोबर उरल्यात."

"मग शोधा. पोटात काय गेलंय ते कळल्याशिवाय मी ऑपरेशनला हात लावणार नाही."

घरी ओट्यावर आबांचा दुधाचा पेला तसाच होता. दोन घोट उरलेले. तळाशी करडा गाळ.

सासूबाई, बानाबाई, भिंतीला टेकून मनगटं खाजवत होत्या.

"आत्याबाई, हाताला काय झालं?"

"साबण सोसंना झालाय."

"साबण तर तोच आहे. पाचोडला भावाकडं जाऊन आल्यापासून खाजवताय तुम्ही."

"फौजदार हायस व्हय गं तू?"

"आबांना मेंढरं कधीपासून दिसायला लागली?"

बानाबाईंची नजर पिठाच्या डब्याकडं गेली.

"तेव्हापासूनच ना?"

तनुजानं पिठाच्या डब्यामागं हात घातला. फडक्याची पुरचुंडी निघाली. आत तसलीच करडी भुकटी.

"ही कुहिली, खाजकुयलीची बी. शेंगेची लव लागली की अशीच आग होते. बिया तुम्ही दुधात उकळल्या, सोलल्या, दळल्या. दूध रोज कमी का पडतंय, ते मला कळत नव्हतं. आत्याबाई, आबांच्या गोळीत जे औषध आहे तेच या बीत असतं. मी मोजून देत होते आणि तुम्ही वरून."

"मूठभरच देत व्हते." बानाबाईंचा आवाज फाटला. "खंगलेल्या मेंढ्याला देत्यात तेवढीच. उठून उभा ऱ्हाईस्तोवर."

"मला सांगायचं तरी!"

"तूच वाचून दाखवलं ना फोनवर, कुहिलीनं कंप कमी व्हतो म्हणून? सांगितलं असतं तर डागदरला इचारलं असतंस. त्यो नाय म्हणला असता." त्यांनी पदर तोंडाला लावला. "आन् गुण आला व्हता, पोरी. पहिल्या आठवड्यात चहाचा कप सोताच्या हातानं धरला त्यांनी."

तनुजानं फोनवर तो लेख पुन्हा उघडला. म्हातारीला जरा धीर यावा म्हणून तिनंच तो लेख वाचला होता, कपडे वाळत घालता घालता. निम्माच. पुढचं वाचायच्या आत प्रांजली रडत उठली होती. पुढं काय लिहिलं होतं, ते तिनं आता, पहिल्यांदा वाचलं. 'डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्यांसोबत घेऊ नये.'

तिनं डॉक्टरांना फोन लावला. सगळं सांगितलं.

"भुकटी बंद. भास ओसरतील. ऑपरेशन दोन दिवसांनी बघू. पण पुन्हा चालतील असं मी म्हणणार नाही. त्यांचा मूळ आजार तर वाढतच जाणार."

प्रांजली दारात उभी होती. सगळं ऐकत.

"आई, आजीचं औषध वाईट आहे?"

"आबांसाठी वाईट, बाळा."

"आणि डॉक्टरकाकांचं?"

"ते चांगलं. पण त्यानं आजार जात नाही. हात थोडे कमी थरथरतात, एवढंच."

प्रांजलीनं आबांच्या रिकाम्या पलंगाकडं पाहिलं.

"मग आबांना बरं करायचं औषध कुणाकडं आहे?"