शांत खोलीची अट

तो आवाज मी त्रेसष्ट वेळा नाकारला होता. चौसष्टाव्या वेळी तो माझ्या शेजारी उभा होता, केसांतून पाणी निथळत, आणि दुकानदार आकारामअण्णांशी हुज्जत घालत होता.

"अण्णा, मागचा आवाज अजिबात येणार न्हाय असा माईक दावा की. मघापासनं तेच तेच दावालाय."

"पावणं, मागचा आवाज नको असंल तर मागं कुणी बसवू नका. त्येला माईक काय करणार?"

कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या त्या छोट्याशा दुकानात मी हेडफोन बदलायला गेले होते. जुन्याचा डावा कान बंद पडला होता. ऑगस्टचा दुसरा आठवडा होता आणि पावसाचा बहुधा सहावा. कपडे वाळत नव्हते आणि माणसंही. सलग चार तास शिकवून आले होते आणि कोणाशीही एक शब्द बोलायची इच्छा नव्हती.

पण वाक्याच्या शेवटी किंचित वर उचलला जाणारा तो आवाज... समोरच्यानं आता हो म्हणावं, असा. माझी चूक होणं शक्यच नव्हतं.

"तुम्ही एकवीसशे सतरा आहात का?" मी विचारलं.

तो वळला. "आँ?"

"उद्या सकाळी बाजार बंद राहील."

"का ओ ताई?" अण्णा काउंटरवरून वाकले. "काय झालं? कोण म्हणालं?"

तो मात्र माझ्याकडे बघतच राहिला. ते वाक्य त्यानं नऊ वेळा वाचून पाठवलं होतं आणि नऊही वेळा मी ते परत केलं होतं.

दिवसा मी कोचिंग क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवते. उरलेल्या वेळात 'आवाजघर'चं काम करते. आवाजघर कोणाच्या मालकीचं नाही. कोणीही यावं, फोनवर दिसेल ते वाक्य वाचून आपला आवाज द्यावा. जमलेले आवाज आणि सगळा प्रोग्रॅम कोणालाही फुकट वापरता येतो. फोनला, संगणकाला मराठी कळावी म्हणून हा खटाटोप. गावोगावचे स्वयंसेवक आहेत. मी सहा वर्षं तपासणीस आहे. म्हणजे ऐकायचं, आणि स्वीकारायचं किंवा नाकारायचं. देणाऱ्याचं नाव दिसत नाही. फक्त क्रमांक दिसतो.

"म्हणजे तुमी तिकडच्या," तो सावकाश म्हणाला. मग खिशातून फोन काढून त्यानं माझ्यासमोर धरला. "हे बगा. त्रेसष्ट वेळा नाकारलं. वर म्हयन्यानं हे पत्र. 'आवाजघरात तुमची उणीव भासते. परत या.' सोताच हाकलायचं आणि सोताच उणीव भासती म्हणायचं? कुठल्या मशीननं लिवलंय हे?"

"मशीननं नाही. मी लिहिलंय."

त्यानं फोन खाली घेतला.

"तुमी?" त्याचा राग कुठे गेला कोण जाणे. डोळ्यांच्या कडांना बारीक सुरकुत्या पडल्या. "मग... खरंच भासती व्हय?"

मी हेडफोनचे पैसे दिले आणि उत्तर दिलं नाही. ते पत्र एकदाच लिहिलेलं होतं. महिनाभर न दिसलेल्या प्रत्येकाला ते आपोआप जायचं. हे त्याला सांगायचं राहून गेलं. की सांगावंसं वाटलं नाही.

त्याचं नाव नृसिंह. हुपरीचा. बी.एस्सी. करून घरच्या पैंजणांच्या कारखान्यात बसलेला. समोरच्या टपरीवर चहा घेताना मी त्याला नियम समजावला. बोलण्याच्या मागचा आवाज बोलण्यापेक्षा किमान तीस डेसिबलनं कमी हवा. म्हणून पहिल्याच पानावर आम्ही लिहितो, शांत खोलीत बसून बोला.

"आणि ही शांत खोली कुणाच्या घरात असती?"

मला तो टोमणा वाटला.

"न्हाय, खरंच इचारतोय. माझ्या वळखीत एक बी न्हाय. तुमच्या घरात हाय?"

होती. माझी. तिसऱ्या मजल्यावर, काच बंद केली की रिक्षांचा आवाजही न येणारी. तो नियम मी तिथंच बसून लिहिला होता.

"रविवारी या हुपरीला," तो कप ठेवत म्हणाला. "माझं सोडा. आमच्या आक्कानं दोनशे बारा वाक्यं दिल्यात. एक बी घेतलं न्हाय तुमी. तिला वाटतंय, मशीनला तिचा आवाज आवडत न्हाय."

खरं तर मला रविवार झोपायला हवा होता. दोन महिन्यांपासून माझ्या संगणकात एक पत्र लिहून पडलं होतं. 'वैयक्तिक कारणांमुळे मी या कामातून मुक्त होत आहे.' कारण वैयक्तिक वगैरे काही नव्हतं. मी दमले होते. येत्या शनिवारी वार्षिक अहवाल सादर करायचा आणि मग ते पत्र पाठवायचं, असं ठरलं होतं. अहवालातला सगळ्यात चांगला आकडा माझाच होता. आवाज द्यायला येणाऱ्या दर शंभरांत त्रेचाळीस बायका. सामावून घेणारा समूह म्हणून आमचं सगळीकडे कौतुक व्हायचं ते या त्रेचाळीसमुळे.

तरी रविवारी मी हुपरीच्या बसमध्ये बसले.

घर म्हणजे एक लांब खोली. अर्ध्या भागात संसार, अर्ध्यात कारखाना. दोघं जण बारीक हातोड्या चालवत होते. टिंग, टिंग-टिंग. तोच आवाज. त्रेसष्ट वेळा ज्याच्यासमोर मी 'गोंगाट' लिहिलं होतं. खाली पोत्यावर चार बायका चांदीच्या कड्या जोडत बसल्या होत्या. त्यांतली सगळ्यात थोरली म्हणजे आक्का, नृसिंहची आई. घरात सगळेच तिला आक्का म्हणतात.

हात न थांबवता तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हीच व्हय ती न्हाय म्हणणारी?"

"आक्का!" नृसिंह ओशाळला.

"मग काय खोटं हाय? दोनशे बारा वेळा न्हाय म्हणली. माझ्या सासूनं बी जल्मात एवढ्यांदा म्हणलं नसंल."

पोत्यावर हशा पिकला. शेजारच्या झुंबरबाई म्हणाल्या, "मी तर देवघरात तोंड घालून बोलले ओ बाई. तिथं बी हातोडी ऐकू गेली म्हणं तुमास्नी."

"तुम्ही एवढ्यांदा का बोललात, आक्का?" मी विचारलं.

"चष्मा घरी ऱ्हायला, तर फोनला नुसतं सांगून लेकाला बोलवता यावं. एवढंच." तिनं कडी दाबली. "पन त्येला आमचं कळत न्हाय. म्हणलं, शिकवावं."

मी फोनवर मोजमाप घेतलं. बोलणं आणि हातोडी यांत अंतर चौदा डेसिबल. नियमाला हवं होतं तीस. पण आक्काचा शब्द न् शब्द मला कळत होता. आधीपासूनच कळत होता. जवळजवळ तीन महिन्यांपूर्वी, डोळे मिटून, तिचं वाक्य शंभर टक्के समजलेलं असताना मी 'नाकार' दाबलं होतं.

तिथंच पायरीवर बसून मी आकडे काढले. येणाऱ्यांत बायका त्रेचाळीस टक्के. ज्यांचा आवाज आमच्याकडे राहिला, त्यांत नऊ. कुकरची शिट्टी, शिवणयंत्र, रडणारं मूल, हातोडी. आणखीही एक सापडलं. दर पावसाळ्यात कोल्हापूरकडचा सहभाग कोसळायचा. गेल्या तीन अहवालांत त्यापुढे मी लिहिलं होतं, 'शेतीची कामं.' शेतीची कामं नव्हती ती. पत्र्यावरचा पाऊस होता. लोक येत होते. मीच परत पाठवत होते.

"काय झालं?" नृसिंह शेजारी येऊन बसला. अंतर राखून, पण शेजारीच.

"मी दारात उभी राहून आलेल्यांची मोजणी करत होते. आत किती बसले, ते बघितलंच नाही." मी स्क्रीन त्याच्याकडे वळवली. "आणि नाकारलेलं रेकॉर्डिंग नव्वद दिवसांनी पुसलं जातं. या सगळ्यांचं... शुक्रवारी."

"ह्या शुक्रवारी?"

"हो."

तो उठला. मग आत जाऊन माझी छत्री घेऊन आला. "चला, स्टँडवर सोडतो. उद्यापासनं तीन दिस दुपारी कारखान्याला सुट्टी हाय. मी येतो तुमच्या क्लासात. दोघं मिळून ऐकू."

सोमवारी, मंगळवारी, बुधवारी तो आला. दुपारी वर्ग रिकामा असायचा. फळ्यावर सकाळची लेन्सची आकृती तशीच. आम्ही एकाच हेडफोनचे दोन कान वाटून घेतले. तार आखूड होती. माझ्या खांद्याला त्याचा शर्ट लागायचा, पावसाचा आणि चांदी उजळायच्या पाण्याचा वास असलेला. दर वाक्यानंतर दोघांनी वेगवेगळ्या कागदावर लिहायचं, काय ऐकू आलं. दोघांचं जुळलं तर वाक्य घेता येण्यासारखं. बाराशे वाक्यांत फक्त एकतीस जुळली नाहीत.

"तुमचा आवाज कुठाय ह्यात?" बुधवारी त्यानं अचानक विचारलं.

"माझा?"

"व्हय. तुमचा नंबर किती?"

"मला नंबर नाही. मी फक्त ऐकते."

त्यानं कानातला हेडफोन काढला. "सा वर्षं नुसतं ऐकालाय? एक वाक्य बी बोलला न्हाय?" मग हळू म्हणाला, "दमणार न्हाय तर काय व्हईल माणसाचं."

सहा वर्षांत मला कोणी 'दमलीस का' विचारलं नव्हतं. मी कागद बाजूला ठेवला. मग त्याला राजीनाम्याचं सांगितलं. अहवाल झाला की मी जाणार.

"अस्सं." त्यानं तार बोटाला गुंडाळली, सोडली. "मग आमी आवाज पाठवायचा कुणाला?"

"दुसरं कोणीतरी असेल."

"दुसऱ्याला माझा आवाज दुकानात वळखू येईल व्हय?"

याचंही उत्तर मी दिलं नाही. असली उत्तरं द्यायची मला सवय नाही.

त्याच संध्याकाळी क्रांतीशी बोलले. ती पुण्याहून आवाजघराचा सगळा व्याप सांभाळते. मी दोन्ही आकडे तिच्यासमोर ठेवले. पडद्यावर तिनं डोकं धरलं.

"पूर्णिमा, त्रेचाळीसच्या जागी नऊ दाखवायचे? लोक म्हणतील, सहा वर्षं खोटं सांगितलं."

"खोटं नव्हतं. चुकीच्या जागी मोजलं होतं. आणि तीस डेसिबलची अट माझी होती. तसं अहवालात माझ्या नावानं लिही."

"आणि नवीन नियम काय?"

"दोन माणसांना कळलं, तर आवाज आपला. मागे काय वाजतंय त्याची नोंद करायची, त्याची शिक्षा नाही. आणि दोघांपैकी एक तपासणीस त्याच भागातला हवा."

"असे तपासणीस आणायचे कुठून?"

"एक आहे," मी म्हणाले. "फार कडक आहे."

गुरुवारी क्रांतीनं पुसण्याचं काम थांबवलं. शनिवारी सभेत मी नऊ हा आकडा वाचून दाखवला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दोघातिघांनी खोचक प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली. नवा नियम मंजूर झाला. नंतर राजीनाम्याचं पत्र उघडलं, पाठवायचं बटण बघितलं आणि इतकी दमले होते की संगणक तसाच ठेवून आडवी झाले.

रविवार उजाडला. बुधवारनंतर नृसिंह आलाच नव्हता. येण्याचं कारणच उरलं नव्हतं. हेडफोनचा एक कान गादीवर मोकळा पडलेला होता, आणि तो मला सारखा दिसत होता.

सोमवारी सकाळी तपासायची यादी उघडली. सवयीनं. सगळ्यात वर क्रमांक एकवीसशे सतरा. वाक्य आमच्या यादीतलं नव्हतं. त्यानं स्वतः घातलेलं.

मी दोन्ही कान लावले.

टिंग. टिंग-टिंग. पत्र्यावर पाऊस. कोणीतरी खोकलं. आणि मग, शेवटी किंचित वर उचललेला तो आवाज...

"पूर्णिमा, मला तुमची उणीव भासती. हे त्या पत्रावानी आपोआप गेलेलं न्हाय. मी सोता बोलालोय."

तर त्याला ठाऊक होतं. आक्कालाही तेच पत्र गेलं असणार. पत्र आपोआप जातं हे त्याला ठाऊक होतं, आणि तरी त्या दिवशी दुकानात त्यानं विचारलं होतं.

खाली दोन चौकटी होत्या. नव्या नियमाप्रमाणे दोन तपासणीस. पहिलीत आधीच हिरवी खूण पडलेली होती. तपासणीस, आक्का, हुपरी. शेरा, 'समदं कळलं.'

मी किती वेळ हसत होते, मोजलं नाही. मग दुसरी चौकट हिरवी केली. आणि सहा वर्षांत पहिल्यांदा पानाच्या दुसऱ्या बाजूला गेले, जिथं आवाज देणारे जातात. मला क्रमांक मिळाला, चार हजार आठशे दोन. काच बंद होती. खोली नेहमीसारखी शांत. घसा खाकरून मी माईकमध्ये दोन शब्द म्हटले.

"मलाही भासते."

पाठवलं. पाच मिनिटं गेली. दहा. चहा गार झाला. मग फोन वाजला.

'नाकारलं. तपासणीस, आक्का, हुपरी. कारण, आवाज लई बारीक. लेकाला ऐकू गेला न्हाय. खिडकी उघड आणि परत बोल.'

मी उठले. पावसानं फुगलेली खिडकी अडली होती, दोन्ही हातांनी ढकलावी लागली. एकदम सगळं आत आलं. पाऊस, बसचा हॉर्न, खालच्या रिक्षावाल्याची हाक, कुठल्यातरी क्लासातल्या पोरींचं हसणं.

त्या सगळ्यात, त्या सगळ्याहून मोठ्यानं, मी परत बोलले.