मालकाला सांगितले: हो / नाही

गाड्यांच्या तपासणी केंद्रात त्यांना सगळे ‘टॉर्च’ म्हणत. सव्वीस वर्षं ते दातांत टॉर्च धरून लोकांच्या गाड्यांखाली उताणे पडले, आणि गोड बोलून त्यांची सही कुणालाच मिळाली नाही. बायको म्हणायची, “यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं नसेल एवढं गाड्यांच्या पोटाकडे पाहिलंय.” बायको बुटकी. घरची गाडी चालवताना ती सीट पार पुढे ओढून घ्यायची, स्टिअरिंगला पोट टेकेल इतकी. तिच्यानंतर ते बसायला गेले की गुडघे दणकन आपटायचे आणि ते कुरकुरायचे. ती हसायची.

ती जाऊन नऊ वर्षं झाली. महिन्याभरात त्यांनी नोकरीही सोडली. तरी गल्लीत कुणी जुनी गाडी घ्यायची म्हटली की आधी टॉर्चना विचारत. मग लेकीने एक गाडी पसंत केली तेव्हा तिची अट एकच होती: बाबा बघतील, मगच घेईन.

या अटीला वजन होतं. लेक नऊ वर्षं गाडीत बसायचंसुद्धा टाळत आली होती. आता तीस किलोमीटरवरच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली, म्हणून मन घट्ट करून चालवायला शिकली. आई गेली त्या दिवशी लेकीची परीक्षा होती आणि ती हॉलतिकीट घरी विसरली होती. तिने फोन केला, आई ते घेऊन गाडीने निघाली, आणि उतारावर ब्रेक लागले नाहीत. तेव्हापासून घराबाहेर पडताना लेक पर्स तीनदा उघडून बघते. ते रोज पाहत आणि रोज गप्प बसत.

सकाळी ते गाडीचा चासी नंबर घेऊन केंद्रात गेले. कुठलीही जुनी गाडी घेण्याआधी तिच्या आजवरच्या तपासण्यांचा कागद काढायचा, हा त्यांचा जुना नेम. रेकॉर्डच्या खिडकीत अजूनही त्यांचा जुना सहकारीच बसत होता. त्याने नंबर टाकला. प्रिंटरमधून दोन पानं आली.

“टॉर्च, गाडी किती जुनी म्हणालास?”

“चार वर्षं.”

“मग हे काय?”

दुसऱ्या पानावर चार ओळी होत्या. चार वर्षं, चार तपासण्या, चारही पास. पहिल्या पानावर मात्र दहा ओळी होत्या, आणि पहिली नऊ वर्षांपूर्वीची होती. तपासनीस क्रमांक एकतीस. हा क्रमांक त्यांचा. त्यांनी नोकरी सोडल्यावर तो कुणाला दिलेला नव्हता.

पहिली ओळ: पास. त्यापुढच्या आठ: नापास. शेरा प्रत्येक वेळी तोच. मागची ब्रेकची नळी गंजलेली. गाडी रस्त्यावर नेऊ नये. आणि शेवटच्या रकान्यात, जिथे दोष मालकाच्या कानावर घातला का ते लिहायचं असतं, तिथे दरवर्षी एकच शब्द. मालकाला सांगितले: नाही.

तारीख दरवर्षी तीच. ती अपघाताची नव्हती. अपघाताच्या अकरा दिवस आधीची होती, आणि त्यांच्याखेरीज ती कुणाच्याच लक्षात राहण्याचं कारण नव्हतं.

केंद्रात एक रीत होती. कर्मचाऱ्यांच्या घरच्या गाड्या रॅम्पवर चढवायच्या नाहीत. आपल्याच माणसाची गाडी तपासायची म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवायचा. त्या ‘टेबल-पास’ व्हायच्या. ज्याने परक्यांच्या हजारो गाड्यांची पोटं तपासली, त्याने स्वतःच्या घरच्या गाडीच्या कागदावर त्या तारखेला चहा पिता पिता सही केली होती. ती गाडी तर भंगारात चेपली गेली. ते स्वतः समोर उभे होते.

दहावी ओळ आजच्या तारखेची होती. शेवटचा रकाना रिकामा होता.

सहकाऱ्याने चष्मा काढून पुसला. “कॉम्प्युटरचा घोळ आहे रे. पोरीला फक्त दुसरं पान दाखव. हे फाडून टाक.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “आपण सगळेच टेबलावर सह्या करत होतो.”

त्यांनी ते पान फाडलं नाही. घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं.

दुपारी ते लेकीसोबत जुन्या गाड्या विकणाऱ्याच्या आवारात पोचले. गाडी पांढरी, स्वच्छ, नवीन रबरी पायपुसण्यांचा वास असलेली. ते कोट काढून खाली शिरले. मागची नळी टॉर्चच्या उजेडात चकचकत होती. त्यांनी तिच्यावरून अंगठा फिरवला. अंगठा कोरडा निघाला. गाडीत कसलाही दोष नव्हता.

ते उठून शेजारच्या सीटवर बसले. दुकानदाराने फेरी मारायला किल्ली दिली होती. लेक त्यांच्याहून वीतभर उंच. तिने चालकाची सीट शेवटच्या खाचेपर्यंत मागे सरकवली आणि पर्स उघडली. मिटली. परत उघडली.

“काय म्हणतो कागद?”

“गाडी चांगली आहे.”

“मग तोंड असं का?”

त्यांनी दुसरं पान पुढे केलं. तिने चार ओळी वाचल्या आणि हसली. असं ती किती दिवसांनी हसली, त्यांना आठवेना. ते हसू होतं तिथेच ठेवावं, गप्प राहावं, घरी जावं, असं त्यांना फार फार वाटलं.

“बाबा, एक विचारू? आईने मला माफ केलं असेल का हो?”

खिशातलं पान त्यांच्या छातीला टोचलं.

“तुझं काही चुकलंच नव्हतं.”

“असं तुम्ही नेहमीच म्हणता.”

“नेहमी अर्धंच म्हणतो,” ते म्हणाले.

आणि मग त्यांनी सांगितलं. टेबल, चहा, सही. न पाहिलेली नळी. अपघातानंतर गाडी ओढून आणली तेव्हा त्यांनी खाली वाकून ती नळी पाहिली होती, तेही सांगितलं. बोटाने दाबताच ती भुगा होऊन हातात आली होती.

लेकीचे हात स्टिअरिंगवर होते. ते तिथेच राहिले.

“म्हणजे तुम्हाला तेव्हापासून माहीत होतं.”

“हो.”

“नऊ वर्षं, बाबा? रोज मी पर्स उघडताना बघत होतात?”

“हो.”

तिने किल्ली काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. खाली उतरली. फाटकापर्यंत चालत गेली आणि वळून न बघता रस्त्याला लागली. पर्स सीटवरच राहिली होती.

ते रडले. पुरुषाने रडू नये वगैरे त्यांना कुणी शिकवलं असेल तर ते त्या वेळी आठवलं नाही.

मग डोळे पुसायला रुमाल काढला तर त्याबरोबर ते पान बाहेर आलं. दहावी ओळ. मालकाला सांगितले: हो. बाकीच्या अक्षरांसारखंच छापलेलं, जणू सकाळपासून तिथेच होतं.

लेक एकटीच चालत होती. तिच्या मागे जायला हवं होतं. ते उतरले, पुढून वळसा घालून आले आणि घाईघाईने चालकाच्या जागी बसायला गेले.

त्यांचे गुडघे दणकन आपटले.

सीट पार पुढे ओढलेली होती.