ब्रेकवरचा पाय

बाहत्तरचा दुष्काळ सरला त्या साली उंब्रजला हमरस्त्यालगत केरबाचं गॅरेज होतं. ट्रक असो की ट्रॅक्टर, त्याच्या हाताखालून गाडी कधी तशीच परत गेली नव्हती. त्या छोट्या लाल विलायती गाडीनं मात्र त्याला रडकुंडीला आणलं.

पुढचे दोन्ही ब्रेक जाम होते. चाकाच्या चकतीला दोन्हीकडून आवळणारे लोखंडी कॅलिपर सोडायलाच तयार नव्हते. केरबानं ते उतरवले, पिस्टन ठोकून बाहेर काढले, गंज घासला, कुपवाडहून नवी रबरं आणून घातली. संध्याकाळी चाक हातानं गरगर फिरायचं. सकाळी येऊन बघावं तर पुन्हा घट्ट. तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा त्यानं पाना भिंतीवर भिरकावला आणि गाडीला तोंडाला येतील त्या शिव्या घातल्या.

गाडी हंबीररावांची. वर्षापूर्वी कोयनानगरच्या घाटात, लेक शालू शेजारी बसलेली असताना, चालवता चालवताच त्यांचं हृदय बंद पडलं. गाडी दरीच्या काठावर थांबली. लोकांनी त्यांना उतरवलं तेव्हा पाय ब्रेकवर होता, आणि तो सोडवायला दोघं लागले. उद्या सांगलीत शालूचं लग्न. वडिलांच्याच गाडीतून जाईन, असं तिनं चुलत्याला, मानसिंगरावांना, बजावलं होतं. ते सकाळपासून गॅरेजात ठाण मांडून होते.

"आता नळ्यांतली हवा काढू," केरबा त्यांना म्हणाला. "मालक, तुमी शिटावर बसा. मी म्हणंन तवा पाय दाबा."

मानसिंगराव उठलेले बघून तो चाकाखाली सरकला.

"दाबा. धरा." त्यानं कॅलिपरचा नट ढिला केला. काळं तेल जोरात उडालं. त्यानं नट आवळला. "सोडा."

दाबणं वेळेवर व्हायचं. सोडायला मात्र दर वेळी उशीर.

"आवं, सोडा म्हटलं की सोडा की," केरबा वैतागून म्हणाला.

"केरबा, च्या घेतूस का रं?" मानसिंगरावांचा आवाज रस्त्यापलीकडच्या टपरीवरून आला. "कवाधरनं हाका मारतूय."

केरबा बाहेर सरकला. शीट रिकामं होतं. ब्रेकचं पेडल खाली, तळाला टेकलेलं होतं.

तो उघड्या दारातून पेडलाकडं वाकला. "थोरलं मालक," तो हळू म्हणाला, "पोरगी लग्नाला निघालीया. सोडा आता."

पेडल वर आलं. चाक मोकळं झालं.

मानसिंगरावांनी येऊन शिटावर बसून ब्रेक दाबून पाहिला, तर पाय सरळ तळाला गेला. केरबानं पुन्हा हवा काढली, नळ्या तपासल्या. कुठं गळती नाही, हवेचा बुडबुडा नाही, आणि ब्रेकही नाही. आधी सुटत नव्हता, आता लागत नव्हता. केरबाला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं.

ऊन कलताना वऱ्हाडाच्या ट्रकनं शालूला गॅरेजशी सोडलं आणि ट्रक पुढं गेला. ती गाडीत शेजारच्या शिटावर जाऊन बसली. दारातून वाकलेल्या केरबाचा हात पेडलवरच होता. पेडल हळूच वर आलं आणि घट्ट झालं.

शालू पाणी प्यायला उतरली. पेडल खाली गेलं.

ती येऊन बसली. पेडल वर आलं.

केरबानं हात काढून घेतला. "मालक, येताना एस्टीनं या. गाडी सांगलीतच ऱ्हाऊ द्या."

मानसिंगराव हसले. "का रं? झाला न्हवं ब्रेक? परवा कोयनानगरला कामावर हजर व्हायचं हाय. पोरीला सासरी घालतो आन् तसाच घाट चढतो."

"एकटंच?"

"मग कोण असणार?"

मानसिंगरावांनी किल्ली फिरवली. गाडी निघाली.

हमरस्त्यावर उसाचा ट्रक आडवा आला. लाल गाडी जागच्या जागी थांबली. मानसिंगरावांनी खुशीत मागं हात हलवला.

शालू अजून गाडीत होती.