डाव्या सीटवरचा तांब्या

मी तिसरीत शाळा सोडली. खोटं रचून लिहायला जी अक्कल लागते, ती माझ्याकडे नाही. म्हणून हे खरं आहे. पटलं तर वाचा, नाही तर पुढं सरका.

आमचं घर सोलापुरात, शुक्रवार पेठेत. गोष्ट गेल्या वैशाखात सुरू झाली.

आणि भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांना आधीच सांगून ठेवते...

हे सगळं भर दुपारी झालं. एक ते तीनच्या मधे. लख्ख उन्हात.

मी काशम्मा. नवरा गेल्यावर कापडाचं दुकान मी एकटीनं चालवलं. पोरगा नंदीश, त्याला मोठा केला. सून राजेश्वरी आणली. पोराची मी अव्वा, सुनेची अत्ती. आजही मला विचारल्याशिवाय या घरात मीठ येत नाही.

नंदीशला लांबच्या प्रवासाला गाडी घ्यायची होती. मला श्रीशैलला न्यायचं होतं, तसं मी कधीचं बोलून ठेवलं होतं. गुडघे चालतात तोवर मल्लिकार्जुनाचं दर्शन व्हावं, एवढंच मागणं.

महिनाभर तो मोबाइलवर गाड्याच बघत होता. हिची डिकी मोठी. तिचं सस्पेन्शन मऊ.

"अव्वा, लांब पल्ल्याची गाडी वेगळीच असती. तिला ग्रँड टूरर म्हनतात. दहा तास चालवली तरी पाठ दुखत न्हाय."

"पाठ तुझी. मागं बसून हाडं कुनाची खिळखिळी हुनार? माझी. मग गाडी मीच निवडनार."

माझी परीक्षा सोपी. सासूबाईंचा पितळी तांब्या काठोकाठ भरायचा. मागच्या डाव्या सीटवर बसायचं. तांब्या मांडीवर धरायचा आणि गाडी विजापूर रस्त्याला मंद्रूपपर्यंत पळवायची. पाणी सांडलं की गाडी नापास. माझे सासरे नवी बैलगाडी अशीच पारखून घ्यायचे.

"अव्वा, शोरूमचा मानूस हसतोय."

"हसू दे. त्याच्या गाडीनं माझं लुगडं भिजवलं, तवा मी हसले का?"

तीन गाड्या नापास झाल्या.

चौथी अकलूजहून आली. वापरलेली, पण नव्यासारखी. राखाडी, लांबडी, काचा काळसर. मालक हिंदुराव, ऊसवाले शेतकरी, स्वतः घेऊन आले होते. चाळिशीचा धट्टाकट्टा माणूस, पण नजर वर उचलत नव्हता.

"चला की संगं," नंदीश म्हणाला.

"न्हाय, तुमी फिरवून आना. मी हितंच सावलीत बसतो."

किल्ली हिंदुरावांनी हातात दिली नाही. बॉनेटवर ठेवली.

तेव्हाच मला कळायला हवं होतं.

आम्ही निघालो. काचा वर, एसी सुरू. बाहेर त्रेचाळीस डिग्रीची भट्टी, आत कसं गार. सोलापूर मागं पडलं. खड्डा आला की गाडी नुसती श्वास घेतल्यासारखी वरखाली व्हायची. इंजिनाचा आवाज नाही. टायरचा नाही.

इतकी शांतता, की...

घट्.

घोट गिळताना घशात होतो, तसा आवाज. अगदी माझ्या कानाशी.

मी मान वळवली. कोणी नाही. म्हटलं, एसीचं काहीतरी असेल.

घट्... घट्...

मंद्रूप आलं. मी लुगडं चाचपलं. कोरडं. सीट कोरडी. एक थेंब सांडला नव्हता.

"पास!" मी ओरडले. "हीच गाडी!"

नंदीशला इतका आनंद झाला, की त्यानं परत येताना तीनदा हॉर्न वाजवला. उगाच.

घरी येऊन मी तांब्या दारातल्या कुंडीत ओतायला घेतला. कलता केला...

पाणी अर्धंच निघालं. मी नुसतं लुगडं चाचपलं होतं, आत डोकावले नव्हते.

सांडलं नव्हतं. प्यायलं नव्हतं. मग गेलं कुठं?

मी बोलले नाही. पोरापुढं "पास" म्हणून ओरडले होते, आता कोणत्या तोंडानं मागं घेणार? शब्द फिरवायचा नाही, ही माझी खोड. आयुष्यभर तिचंच खाल्लं. या वेळी तिनं मला खाल्लं.

गाडी घेतली. चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, कुंकू लावलं.

आठ दिवसांत गाडीतल्या पाण्याच्या बाटल्या रिकाम्या सापडू लागल्या. बूच घट्ट लावलेलं. आत थेंब नाही.

राजेश्वरी म्हणाली, "अत्ती, तुमीच पिता नि इसरता."

"माझे गुडघे गेलेत. डोस्कं न्हाय."

मग तो मंगळवार आला.

नंदीश एकटाच विजापूरला गेला होता. तीन वाजता परतला. चेहरा पांढरा. पुढच्या बंपरला लांब ओरखडा.

"अव्वा... आज तू घरीच हुतीस नव्हं?"

"मग कुटं असनार? उडत येऊ तुझ्यामागं?"

तो हसला नाही.

"मागच्या सीटवरनं हाक आली. लेकरा, घोटभर पानी दे की... तुझाच आवाज, अव्वा. हुबेहूब."

"मग?"

"मी मागं बघितलं. तू हाक मारल्यावर मी बघनार न्हाय व्हय?" त्यानं बंपरवरच्या ओरखड्यावर बोट ठेवलं. "पुढं बघतोय तर टँकर. शंभरचा वेग हुता. कसं वाचलो, मलाच ठाऊक न्हाय."

माझं एकच पोर.

आणि त्याला मारायला कुणी माझाच आवाज घेतला होता.

मी हिंदुरावांना फोन लावला. सगळं सांगितलं. मग बारीक आवाजात त्यांनी विचारलं...

"तुमाला पन पानी मागितलं व्हय?"

"कोन हाय ती?"

"आई. माझी आई, सोजरबाई."

त्याच्या आदल्या उन्हाळ्यात ते आईला घेऊन हैदराबादला निघाले होते. गाडी नवी. कुठं न थांबता, एका दमात गाठायची, असं मित्रांना सांगून निघालेले. म्हातारी मागच्या डाव्या सीटवर. बाटलीतलं पाणी संपलेलं. तिनं तीनदा पाणी मागितलं. तीनदा हे म्हणाले, पुढच्या गावात थांबू.

"थांबलो तवा... ती मान टाकून बसली हुती. डॉक्टर म्हनाले, उष्म्यानं. एसी बारीक केला हुता, मावशी. गाडी आनखी पळावी म्हनून."

मी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आनि ती आई तू मला विकलीस?"

फोन कट झाला.

नंदीश म्हणाला, गाडी विकून टाकू. मी नाही म्हटलं. विकली की ती दुसऱ्याच्या पोराला हाक मारणार. आणि खरं सांगू? गाडी मी निवडली होती. माझी चूक मीच निस्तरणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता मी तांब्या भरला. काठोकाठ. गाडी गल्लीत उभी होती. मी मागं बसले. या वेळी उजवीकडं. तांब्या डाव्या सीटवर ठेवला.

तेव्हा मनात आलं...

त्या दिवशी मंद्रूपपर्यंत मी सीटवर बसले नव्हते. तिच्या मांडीवर बसले होते.

दार लावून घेतलं. डाव्या सीटकडं तोंड करून बोलले.

"सोजरबाई, मी काशम्मा. तू एका पोराची आई, मी पन एका पोराची आई. तुझ्या पोरानं चुकी केली. माझ्यानं काय केलंय? त्याला हाक मारू नकोस. पाठीशी बसू नकोस. तहान लागली तर सरळ माझ्या घरी ये. काशम्माच्या दारातनं कोन तहानलेलं गेलं न्हाय. माझा शब्द हाय."

गल्लीतले आवाज बंद झाले. शेजारचा मिक्सरसुद्धा.

घट्.

तांब्यातलं पाणी एक बोट खाली गेलं.

घट्... घट्... घट्...

तळ दिसला. पितळेच्या कडेला बाहेरून बारीक घाम आलेला. त्यात चार बोटांचे ठसे. माझ्या बोटांपेक्षा लहान.

मग डावीकडच्या दाराचं लॉक वाजलं. खट्. दार उघडलं नाही.

पण माझ्या शेजारची गादी हळूहळू वर आली. कुणी उठल्यावर येते तशी.

आम्ही श्रीशैलला जाऊन आलो. डाव्या सीटवर भरलेला तांब्या ठेवून. जाताना काठोकाठ, येताना काठोकाठ. नंदीशला हाक आली नाही. तो म्हणतो, गाडीला नवं लिंबू बांधलं, त्यानं काम केलं. म्हणू दे.

मी काय केलं, ते मी घरात कुणाला सांगितलं नाही.

पण तेव्हापासून स्वयंपाकघरातला माठ दुपारी कोरडा असतो. सकाळी गळ्यापर्यंत भरायचा, तीनला तळ. खाली ओल नाही. राजेश्वरीनं पाझरतो म्हणून दोन माठ बदलले. शब्द दिलाय, पाणी देते.

परवापर्यंत मला वाटायचं, सौदा बरा झाला.

परवा दुपारी मी खाटेवर पडले होते. जागी होते, डोळे उघडे होते. राजेश्वरी माळ्यावरून धान्याचा डबा घेऊन जिना उतरत होती.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून माझा आवाज आला.

"राजेश्वरी, घोटभर पानी दे की..."

माझं तोंड मिटलेलं होतं.

"आले, अत्ती!" ती म्हणाली, मान वळवली, आणि तिची पायरी चुकली. डबा गडगडत खाली. ती कठड्याला लोंबकळली म्हणून वाचली.

उलट मलाच बोलली, "उतरूस्तोवर दम धरवत न्हाय का तुमाला?"

मी खाटेवरून उठून डबा उचलून ठेवला.

तेव्हाच मला आठवलं. सौद्यात मी पोराचं नाव घेतलं होतं. सुनेचं घेतलं नव्हतं. सुचलंच नव्हतं.

कालपासून राजेश्वरी गाडी शिकायचं म्हणतेय. नंदीशनं हो म्हटलंय. दुपारी रस्ता मोकळा असतो, म्हणून दुपारीच.

मी नको म्हटलं, तर दोघं कारण विचारतात.

आज एक वाजता मी पुन्हा तांब्या भरून गाडीत जाऊन बसले. सोजरबाईला हाका मारल्या. म्हटलं, सूनही माझंच लेकरू आहे, तिलाही सौद्यात धर. अडीच वाजेपर्यंत बसले.

तांब्यातलं पाणी हललं नाही.

घरात आले, किल्ली खुंटीला अडकवली, स्वयंपाकघरात गेले... माठ कोरडा होता. वळून बघते, तर राजेश्वरीच्या चपला दारात नव्हत्या आणि गाडीची किल्ली खुंटीवर नव्हती.