धडधाकट मरणारी माणसं

शर्वरीला बघायला पाहुणे आले आणि पोहे पुढं येतात न येतात तोच तिच्या भावाच्या छातीनं बैलाची सूचना दिली.

"समोर जनावर असण्याची शक्यता आहे," हेमंतच्या सदऱ्याआतून बाईचा गोड आवाज आला. "कृपया रस्ता बदला."

हेमंतसमोर जनावर नव्हतं. मुलाचे मामा होते. त्यांनी पोह्यांची बशी खाली ठेवली.

"राखण्या आहे," हेमंत ओशाळून म्हणाला. "जरा जास्तच काळजी घेतो."

राखण्या आता सगळ्यांच्याच छातीवर असायचा. रुपयाच्या नाण्याएवढी चकती. मूल जन्मलं की चिकटवायची, ती जन्माची सोबत. हृदयाचे ठोके, रक्ताचा दाब, घाम, झोप, खाणंपिणं, सगळं ती ऐकायची. पण हृदय काही स्पष्ट बोलत नाही. छातीतली तीच कळ भज्यांनीही येते आणि नस तुंबल्यानंही येते. असा संशय आला की राखण्या घराण्याकडं बघायचा: कोण कशानं गेलं, किती वयात गेलं. त्यासाठी घरातल्या ज्येष्ठ माणसाची साक्ष त्याच्याच आवाजात घेतलेली असायची. ती बदलायची तर त्याच आवाजात बदलायची. कोणी चहाटळ मेहुणा गमतीनं काहीबाही बोलून गेला तर, म्हणून ही सोय.

कराडच्या शेवाळ्यांची साक्ष थोरल्या चुलत्यांनी, तात्यांनी दिली होती. छाती पुढं काढून दिली होती.

"आमच्या घराण्यात हृदयाचं काही नाही. आमची माणसं धडधाकट मरतात."

मग त्यांनी तपशील पुरवला. आजोबांना बैलानं मारलं. मधले काका विहिरीत पडले. शर्वरीच्या आणि हेमंतच्या वडिलांना उसात साप चावला. तिघंही पंचेचाळिशीच्या आत. राखण्यानं सगळं मनापासून ऐकलं आणि निष्कर्ष काढला, की या घराण्याचं हृदय उत्तम आहे, फक्त बाकीच्या सृष्टीनं त्यांच्यावर दात धरलाय.

तेव्हापासून मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्या हेमंतला गाय दिसली तरी सूचना यायची. पोहण्याच्या तलावावर त्याला आत घेत नसत. बेंदराच्या दिवशी, रस्त्यानं सजवलेले बैल निघाले, की राखण्या रडकुंडीला यायचा. हृदयाला मात्र त्यानं शंभरात ब्याण्णव गुण दिले होते, आणि त्या ब्याण्णवाच्या जिवावर हेमंत वडापावात वडापाव घालून खायचा आणि वर सिगरेट ओढायचा. शर्वरी ओरडली की तो छाती थोपटायचा.

"ब्याण्णव आहेत. तुला बारावीला तरी होते का एवढे?"

आज तो पोहे खात नव्हता, हे चहा घेऊन बाहेर आलेल्या शर्वरीला आधी दिसलं. मग त्याचा हात दिसला. तो जबड्यावर होता. कपाळावर घाम होता आणि डोक्यावर पंखा भिरभिरत होता.

"दादा, काय होतंय?"

"काही नाही. दात दुखतोय बहुतेक. हातही जरा भरून आलाय."

"आम्लपित्ताची शक्यता," राखण्या म्हणाला. "थंड दूध घ्या. विहिरीकडे जाऊ नका."

वहिनी दूध आणायला धावल्या. विहीर मैलभरात नव्हती.

शर्वरी नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात अभियंता होती. दम लागलेला पंप तिला ओळखू यायचा. तिनं ट्रे मामांच्या मांडीवरच ठेवला.

"ऊठ. दवाखान्यात चल."

"हिरवा आहे गं." हेमंतनं सदऱ्याचं बटण काढून दाखवलं. चकतीवर हिरवा दिवा शांतपणे जळत होता. "तातडीच्या दारातून हिरव्याला आत घेत नाहीत. मागं परांजप्यांचे काका बाहेरच बसले नव्हते का दिवसभर?"

ते खरं होतं. गॅस धरलेल्या माणसांनी गर्दी केली म्हणून नियम झाला होता: लाल दिवा असेल त्यालाच दार उघडेल, त्याच्यासाठीच रुग्णवाहिका निघेल. हिरव्यानं ओवा खावा.

स्वयंपाकघराच्या दारातून आई पुढं आली. 

"भावजी," ती पाहुण्यांशेजारी बसलेल्या तात्यांना म्हणाली, "सांगा आता."

"पाहुणे बसलेत," तात्या म्हणाले.

"ह्याचे वडील असेच बसले होते. जबडा धरून. जेवताना."



"जेवताना?" शर्वरी म्हणाली. "बाबा उसात गेले होते ना? साप?"

"कुठला साप गं," आई म्हणाली, आणि पदर तोंडाला लावला.

शर्वरी तेव्हा नऊ वर्षांची होती. वडील गेले त्या उन्हाळ्यात ती रोज काठी घेऊन उसाच्या फडात जायची आणि पाचट बडवायची. प्रत्येक नागपंचमीला ती घराबाहेर निघून जायची, पूजेला हात लावायची नाही. आणि एकदा पाटाच्या कडेला ऊन खात पडलेली एक धामण तिनं दगडानं ठेचून मारली होती. धामणीला विष नसतं. धामणीचा या सगळ्याशी कसलाही संबंध नव्हता.

तिला इतका राग आला की तो कुठून सुरू करावा ते कळेना.

"तात्या, राखण्याला खरं सांगा. आत्ता."

"चहा होऊ दे. पाहुणे गेले की सांगतो." तात्यांनी आवाज खाली आणला. "तुझ्याच भल्यासाठी बोललो होतो पोरी. हृदयाच्या घरातली मुलगी कोण घेतं? तुझ्या आत्यांची लग्नं बैलावर झाली. बैलाला कोणी नावं ठेवत नाही."

"माझं भलं तिथं घामानं भिजलंय! तीन माणसं गेली आणि तिन्ही वेळा तुम्ही दुसऱ्यावर ढकललंत! विहिरीवरसुद्धा! विहिरीनं काय केलं होतं तुमचं?"

मुलाच्या आई, डुबलबाई, एकदम म्हणाल्या, "आमच्या ह्यांच्यावर वीज पडली होती."

त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

"आई," मुलगा म्हणाला, "बाबा तर मोरीत होते."

"मोरीतच पडली," डुबलबाई ठामपणे म्हणाल्या.

मामा उठले. मांडीवरचा ट्रे त्यांनी अदबीनं टेबलावर ठेवला. "निघू आम्ही. कळवतो." ते तिघं चपला शोधू लागले आणि तात्या, सवयीनं, त्यांना पोचवायला उठले.

शर्वरीनं पाहुण्यांना जाऊ दिलं आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.

"तुम्ही कुठं निघालात?"

"अगं, पाहुण्यांना रस्त्यापर्यंत..."

"तात्या, ती म्हैस दाखवा."

"कुठली म्हैस?"

"तुमच्या छातीला लागलेली."

तात्या कोणासमोर सदरा काढत नसत. दोन महिने काशीला जाऊन आल्यापासून नव्हता काढला. वाटेत म्हैस लागली, एवढंच घराला ठाऊक होतं. शर्वरीनं पुढं होऊन त्यांच्या सदऱ्याच्या गुंड्या ओढल्या. दोन तुटून कोचाखाली गेल्या. गळ्यापासून पोटापर्यंत वण होता, पट्टीनं आखल्यासारखा सरळ, दोन्ही बाजूंना टाक्यांच्या खुणा. म्हैस फार टापटिपीची असली पाहिजे.

हेमंत मान मागं टाकून तोंडानं श्वास घेत होता.

तात्यांनी सदरा जवळ ओढला. मग सोडून दिला. ते हेमंतच्या पुढ्यात गुडघ्यांवर बसले आणि पुतण्याच्या छातीशी तोंड नेऊन, देवळातल्या बहिऱ्या पुजाऱ्याशी बोलावं तसं मोठ्यानं बोलू लागले.

"मी शंकर शेवाळे बोलतोय. माझा बाप बैलानं नाही गेला. बैल गोठ्यात होता. छातीत कळ आली आणि गेला. मधला भाऊ विहिरीच्या कडेला गेला, पडला नंतर. धाकटा ताटावर गेला. माझी स्वतःची छाती उघडलीय हृदयासाठी, पुण्याला. काशी मी बघितलेली नाही."

"साक्ष नोंदवली," गोड आवाज म्हणाला. "धोका पुन्हा मोजत आहे."

दिवा लाल झाला. रुग्णवाहिका निघाल्याचं राखण्यानं सांगितलं. त्याच वेळी शर्वरीच्या गळ्याखाली, आणि कोपऱ्यात बाहुली धरून उभ्या असलेल्या हेमंतच्या छोट्या लेकीच्या, ओवीच्या फ्रॉकमधून, पिवळा उजेड दिसू लागला. दोघींनी एकदमच खाली बघितलं.

दवाखान्याचं दार या वेळी लगेच उघडलं. हेमंतला आत नेलं. थोड्या वेळानं एक तरुण डॉक्टरीणबाई बाहेर आल्या.

"दुखायला कधी लागलं?"

"पाहुणे आले तेव्हा," शर्वरी म्हणाली.

"मग इतका वेळ काय करत होतात?"

याचं उत्तर एकट्या तात्यांकडं होतं आणि ते जमिनीकडं बघत होते.

"नस उघडतोय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण हृदयाचा काही भाग उपाशी राहिलाय. किती, ते नंतर कळेल. घराण्यात एवढं आहे हे ठाऊक असतं तर विशीतच रक्त तपासलं असतं, गोळी सुरू केली असती, सिगरेट सोडवलीच असती. ही रक्तातून येणारी गोष्ट आहे, पण ती येताना दार वाजवते हो. ब्याण्णव गुण कोणी दिले ह्यांना?"

"आम्हीच," शर्वरी म्हणाली.

त्या परत आत गेल्या. दार बंद झालं.

खोट्या साक्षीबद्दल तात्यांची साक्ष बाद करून राखण्यानं त्यांचा ज्येष्ठपणा काढून घेतला होता. तो आईकडं गेला. आईनं नकारार्थी मान हलवली. वहिनींच्या मांडीवर पेंगणाऱ्या ओवीची चकती बोलली, "घराण्याची साक्ष नव्यानं द्यावी लागेल. शर्वरी शेवाळे, आपण देणार का?"

वहिनींनी चटकन ओवीच्या छातीवर तळवा झाकला.

"हिच्यात नको."

"वहिनी, आत कोण आहे?"

"मला माहितेय आत कोण आहे!" वहिनी ओरडल्या, मग ओवी दचकली म्हणून कुजबुजल्या. "तुमचे पाहुणे चहासुद्धा न घेता गेले, ताई. हिला कोण करून घेईल उद्या?"

शर्वरीला ओरडायचं होतं, पण समोर ओरडण्याजोगं कोणी नव्हतं. वहिनींनी तळवा तसाच दाबून धरला होता. डुबलबाई एव्हाना घरी पोचल्या असतील, मुलाला पुन्हा वीज समजावून सांगत असतील. हा राग काढायला सापही उरला नव्हता.

तिनं वहिनींचा हात धरला. तो हलला नाही. तिनं तो तसाच धरून ठेवला, आणि मग तो आपोआप सैल झाला.

"पणजोबा. हृदय," शर्वरी म्हणाली. "मधले आजोबा. हृदय." तिनं ओवीच्या कपाळावरचे केस मागं सारले. "आजोबा. म्हणजे माझे बाबा. हृदय."

"नोंद झाली," ओवीची चकती म्हणाली. "या घराण्यात आणखी कोणी?"

बंद दाराकडं कोणीच बघितलं नाही. चकती पुन्हा, तितक्याच गोड आवाजात, विचारू लागली, "आणखी कोणी?"