कानावरचा फोन

हसा खुशाल. पण माझा मेहुणा, म्हणजे तुमच्या काकूचा सख्खा भाऊ, थापा मारणारा नव्हता. पंगतीत मीठ मागायलाही लाजायचा. त्याने सांगितलं तसंच सांगतो.

तो तेलाच्या जहाजावर होता. भर समुद्रात लढाऊ जहाजांना तेल द्यायचं, हे त्यांचं काम. दोन्ही जहाजं शेजारी शेजारी चालत राहतात. मध्ये जाडजूड नळी आणि एक बारीक वायर. वायरच्या दोन्ही टोकांना एकेक माणूस, कानावर फोन लावून. इकडे मेहुणा, तिकडे त्याचा जिवलग दोस्त, ठेंगू. नियम दोनच. नळी जोडलेली असताना जहाज थांबवायचं नाही, वळवायचं नाही. आणि पलीकडचा ‘सोड’ म्हणेपर्यंत कानावरचा फोन काढायचा नाही.

डिसेंबरातली अमावास्या होती, शनिवार. तेल नेहमीसारखं चाललं होतं. ठेंगू म्हणाला, “सुट्टीत तुझ्या बहिणीच्या हातचं जेवणार.”

“आधी उंची वाढव. ताटापर्यंत हात तर पोचू दे.”

तेवढ्यात मोठी लाट आली. वायरला हिसका बसला. तुटलेलं टोक मेहुण्याच्या हातात आलं. पलीकडे कठड्यापाशी कुणी नव्हतं.

मेहुणा ओरडला, “ठेंगू पाण्यात पडला!” कॅप्टनने ऐकलं. पण नळी सुटेपर्यंत जहाज वळवता येईना.

आणि कानात आवाज आला.

“ऐकतोयस ना?”

वायर तुटलेली. टोक याच्या मुठीत.

“ऐकतोय.”

“तुमचे दिवे दिसतायत... लांब चाललेत... वळा ना रे.”

काय करणार तो? नळी सुटली, जहाजं वळली. पहाटेपर्यंत शोधलं. नुसतं पाणी.

“फार गार आहे इथे... आहेस ना?”

“आहे.”

मग काहीच नाही. ‘सोड’ मात्र तो म्हणाला नाही.

मेहुण्याने तो फोन तुटक्या वायरसकट घरी आणला. दर अमावास्येला कानावर लावून बसायचा. बायको रडायची, “काढा हो आता.” हा म्हणायचा, “त्याने अजून सोडलं नाही.” आम्ही सगळे नुसते बघत राहिलो. मागच्या वर्षी गेला. फोन कानावरच होता.

त्या घरात कुणी ठेवून घेईना, म्हणून मी आणला. तो बघा, खुंटीला.

बॅटरी इकडे मार जरा...

खिडकी बंद आहे. वारा नाही.

वायर खाली लोंबायला हवी ना?

मग अशी आडवी का ताणलीय... खिडकीकडे?