तीन सेकंदांची मुभा

प्रयोगशाळा त्या दिवशी उघड्या मैदानाच्या कडेला, एका शामियान्यात थाटली होती. पडद्यावर हिरवी रेघ उसळत होती. ती कबड्डीपटू कस्तुरी मगदूमच्या हृदयाची. ठोक्यांत दोष निघाल्यापासून दोन वर्षं ती चाचण्या सोडून खेळलीच नव्हती. हृदयतज्ज्ञ डॉ. नाईकवडींची अट स्पष्ट होती: आज रेघ सलग तीन सेकंद गायब झाली, तर खेळ कायमचा बंद.

"मागच्या दोन्ही वेळी पकड झाली की रेघ गेली," ते म्हणाले. "आज काय वेगळं होणार, वसुधाताई?"

"डॉक्टर, माणूस म्हणजे पाण्याची पखाल. रेडिओलहरी त्यात जिरतात," संवेदक बनवणाऱ्या वसुधा टिळेकर म्हणाल्या. "छातीवरच्या पट्टीवर पाच जणी पडल्या की निरोप निघणार कुठून? आता तो कातडीवरून जातो, सूक्ष्म विद्युतलहरीनं. जिचा स्पर्श झाला, तिची पट्टी तो पुढे धाडते. चौदाही जणींना पट्ट्या आहेत. आम्ही याला त्वचाजाल म्हणतो."

"म्हणजे प्रतिस्पर्धीच जासूद!"

"पकड जितकी घट्ट, तितका निरोप पक्का."

"आणि कुणीच धरलं नाही तर?"

"मग साधा रेडिओ. निरोप टिपणारं ग्राहकयंत्र मुद्दाम समोरच्या संघामागे ठेवलंय. चढाई करणारी कधी पाठ दाखवत नाही. छाती यंत्राकडेच."

शेवटची चढाई. तीन गुणांची पिछाडी. कस्तुरी आत शिरली आणि कोपऱ्यातलीनं तिचा घोटा धरला.

"आवळा गं! सुटली नाही पाहिजे म्हातारी!"

आणखी चौघी अंगावर कोसळल्या. वसुधाताईंनी पडद्याकडे पाहिलं. रेघ अखंड. कस्तुरीला दाबून धरणारी प्रत्येक जण तिचे ठोके इमानेइतबारे पोचवत होती.

ढिगाखालून एक हात सरकला. बोटं मध्यरेषेला लागली. पाच गुण! शिट्टी झाली.

"म्हातारी कोण गं?" कस्तुरी उठली, वळली आणि हात उंचावून आपल्या संघाकडे धावत सुटली.

रेघ गेली.

वसुधाताई पडद्यावर वाकल्या. चढाई करणारी पाठ दाखवत नाही, पण जिंकलेली दाखवते! यंत्र आणि छातीच्या मध्ये आता कस्तुरीचंच शरीर होतं. लहरी परतवायला भिंत नव्हती, अंगाला कुणाचा हात नव्हता. आधीच्या चाचण्यांत ती जिंकलीच नव्हती, मग हे दिसणार कसं?

एक सेकंद. दोन. डॉक्टरांची नजर घड्याळावर.

धावत आलेल्या सहा मैत्रिणी तिच्यावर तुटून पडल्या. रेघ उसळली, चार नंबरच्या पट्टीवरून.

"दोन पूर्णांक सहा दशांश," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी खेळण्याच्या परवान्यावर सही केली.

"मागच्या बाजूला दुसरं यंत्र बसवते," वसुधाताई घाईनं म्हणाल्या.

"अवश्य बसवा. पण माझी अट राहू द्या."

त्यांनी सहीखाली लिहिलं होतं: 'विजयानंतर सहकाऱ्यांनी खेळाडूस तत्काळ मिठी मारावी.'